पाऊस पाचच टर्न पडतो

मांजलपूरहून एका अकरावीतल्या मुलाचा पोकेमॉन या व्हिडिओ गेमबद्दल प्रश्न आलाय. त्याचा मजकूर साधारण असा: "दादा, मी पेलिपर, पॉलिटोड, किंगड्रा, लुडिकोलो, बॅरास्क्यूडा आणि बॅस्क्युलीजन अशी पूर्ण पावसाची टीम केली आहे. पहिले दोन-तीन टर्न मस्त जातात, मग सगळं आटतं. समोर ऊन आणणारा टॉर्कोल दिसला तर मॅच सुरू व्हायच्या आधीच हातपाय गळतात. पेलिपर काढू का? की सरळ वाळूच्या वादळाची टीम करू?"

पाऊस आणणारा पेलिपर काढू नकोस. बाकीचे काढ. सगळे नाही, पण तिघे तरी नक्की.

मी स्कार्लेट-व्हायलेट या पोकेमॉन गेममधल्या डबल्सबद्दल बोलतोय, कारण तू तेच खेळतोस. सहा दाखवायचे, त्यातले चार निवडायचे, दोन-दोन मैदानात. सिंगल्सचं गणित वेगळं असतं, त्याबद्दल शेवटी दोन वाक्यं लिहितो.

आधी तुझ्या सहा जणांकडे समोरच्याच्या डोळ्यांनी बघ. पॉलिटोड, बॅरास्क्यूडा, बॅस्क्युलीजन, तिघेही वॉटर टाइपचे, म्हणजे पाण्याच्या जातीचे, म्हणून तिघांनाही इलेक्ट्रिक मार दुप्पट लागतो. पेलिपर वॉटर आणि फ्लाइंग दोन्ही, म्हणून त्याला चौपट. आता पावसात काय होतं ते आठव. थंडर हा विजेचा मूव्ह, म्हणजे चाल, एरवी शंभरात सत्तर वेळा लागतो, पावसात चुकतच नाही. म्हणजे तू स्वतः पाऊस पाडून समोरच्याच्या हातात न चुकणारी वीज दिलीस आणि तिच्यापुढे चार पाणथळ पोकेमॉन उभे केलेस. रिलाबूमसारखा ग्रास टाइप आला तर पॉलिटोड, बॅरास्क्यूडा आणि बॅस्क्युलीजन पुन्हा दुप्पट मार खाणार. ही टीम दोन-तीन टर्न मस्त जाते कारण तेवढा वेळ समोरचा तुझ्या वेगाने गांगरलेला असतो. तो सावरला की तुझ्याकडे दुसरं काहीच उरत नाही.

हवामानाची टीम म्हणजे त्या हवामानात आवडीने राहणारे सहा प्राणी, असं आपण सगळेच सुरुवातीला समजतो. मीही समजायचो. पण हवामान दोघांचं असतं. आपल्या बडोद्यात उत्तरायणला वारा दांडिया बाजारच्या सगळ्या गच्च्यांवर सारखाच वाहतो. तरी दरवर्षी एकच गच्ची सगळ्यांच्या पतंगा कापते, कारण तिथल्या पोरांनी सकाळीच वारा पाठीशी येईल असा कोपरा धरलेला असतो, आणि वारा पडला की तेच आधी पतंग उतरवतात. वारा पडल्यावरही हट्टाने ढील देत बसणारा बाराच्या आत मोकळ्या फिरकीनिशी तिळाच्या चिक्कीकडे वळतो. तुझी टीम मला त्या माणसाची वाटते.

याचा जुना दाखला आहे. 2016 च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्ल्ड्समध्ये, म्हणजे पोकेमॉनच्या जागतिक स्पर्धेत, वुल्फ ग्लिक जिंकला तेव्हा त्याच्याकडे प्राइमल कायोग्रे होता. त्याहून मोठा पाऊस तेव्हाच्या खेळात नव्हता, त्या पावसात फायर मूव्ह चालतच नसे. त्याचे बाकीचे पाच होते रेक्वाझा, गेंगार, हिटमनटॉप, रायचू आणि ब्राँझाँग. स्विफ्ट स्विमवाला, म्हणजे पावसात वेग दुप्पट होणारा, एकही नाही! आणि रायचू तिथे होता तो लाइटनिंग रॉडसाठी, म्हणजे कायोग्रेवर येणारी वीज आपल्या अंगावर ओढून घ्यायला. पावसाबरोबर छत्रीवाल्यालाही टीममध्ये जागा दिली होती.

आता मुख्य गोष्ट, मोजणी.

पेलिपर मैदानात आला की ड्रिझल या त्याच्या एबिलिटीने, म्हणजे उपजत गुणाने, पाऊस सुरू होतो आणि पाच टर्न टिकतो. त्याला डॅम्प रॉक ही वस्तू दिली तर आठ. पूर्वी असं नव्हतं. ब्लॅक-व्हाइट या जुन्या गेमच्या काळात ड्रिझलचा पाऊस कुणी दुसरं हवामान आणेपर्यंत पडतच राहायचा, इतका की स्मोगनवाल्यांनी, म्हणजे ऑनलाइन खेळाचे नियम ठरवणाऱ्या खेळाडूंच्या मंडळाने, एकाच टीममध्ये ड्रिझल आणि स्विफ्ट स्विम एकत्र ठेवायला बंदी घातली होती. 2013 मध्ये एक्स-वाय हे गेम आले आणि पाऊस पाच टर्नांवर आला. जुने व्हिडिओ बघून जी मुलं टीम बनवतात त्यांच्या डोक्यात अजून तो न संपणारा पाऊस असतो, म्हणून हे सांगितलं.

पाच म्हणजे किती, यातही गंमत आहे. पेलिपरला टर्नच्या मध्ये स्विच करून, म्हणजे मैदानातल्या एखाद्याच्या जागी, आणलंस तर तो टर्नही पाचात धरला जातो, म्हणजे पेलिपरच्या स्वतःच्या हातात चारच उरतात. तुझा एखादा पोकेमॉन पडल्यावर टर्नच्या शेवटी पेलिपर आला, तर मात्र पूर्ण पाच मिळतात, कारण त्या टर्नची मोजणी आधीच झालेली असते. एवढ्या एका टर्नवर मॅच फिरलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे. म्हणून कधीकधी इन्सिनरोअरसारख्या साथीदाराला मुद्दाम मरू द्यायचं. त्याचं काम झालेलं असतं आणि त्याच्या जागी पेलिपर फुकटात येतो.

आणि हे अधोरेखित करून ठेव: पाऊस चालू असताना पेलिपर परत आला तर घड्याळ पुन्हा पाचावर जात नाही. ड्रिझल लागतच नाही. पाऊस संपल्यावर आला तरच नवे पाच मिळतात.

हे मला माहीत असूनही मी यातच हरलो आहे. रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण कमाटीबागेत जमतो, आधी सेव-उसळ, मग खेळ. गेल्या पावसाळ्यात माझा भाचा टॉर्कोल आणि हिसुईची लिलिगंट घेऊन बसला. तुला घाबरवणारी जोडी हीच असेल. टॉर्कोलने ऊन आणायचं, उन्हात क्लोरोफिलने लिलिगंटचा वेग दुप्पट, मग तिने आफ्टर यू वापरून त्या कासवाला लगेच खेळायला लावायचं, आणि टॉर्कोलचा इरप्शन हा फायर मूव्ह समोरच्या दोघांवर. पूर्ण तब्येतीत इरप्शनची ताकद 150, वर उन्हाचा दीडपट.

मी पुढे इन्सिनरोअर आणि बॅस्क्युलीजन उतरवले, मागे पेलिपर आणि आर्कालुडॉन. पहिल्या टर्नला बॅस्क्युलीजन आत (म्हणजे मागे), पेलिपर बाहेर (म्हणजे मैदानात), आणि इन्सिनरोअरचा फेक आउट, समोरच्याचा तो टर्न फुकट घालवणारा मूव्ह, लिलिगंटवर. स्विच मूव्हच्या आधी होतो, त्यामुळे इरप्शन सुटेपर्यंत पाऊस पडायला लागला होता. उन्हात दीडपट लागणारा फायर मूव्ह पावसात अर्धा लागतो, म्हणजे एका स्विचमध्ये तो एक तृतीयांशावर आला. शिवाय पेलिपर वॉटर टाइप, इन्सिनरोअर फायर टाइप, दोघांनाही फायर मूळातच अर्धा लागतो. एवढा मोठा ज्वालामुखी फुटला आणि आमच्या दोघांची नुसती भुवई जळली. दुसऱ्या टर्नला लिलिगंटने क्लोज कॉम्बॅट मारून इन्सिनरोअरला अर्धमेला केला, पण पेलिपरच्या हरिकेनने ती गेली. ग्रास आणि फायटिंग, म्हणजे फ्लाइंग चौपट, आणि पावसात हरिकेन चुकत नाही. इन्सिनरोअर पार्टिंग शॉट मारून आत गेला आणि आर्कालुडॉन आला. तिसऱ्या टर्नला वेदर बॉल, जो पावसात वॉटर मूव्ह होतो, टॉर्कोलवर, आणि तो गेला. त्याचं ऊन आता परत येणार नव्हतं. मी भाच्याला म्हणालो, "चला, चहा सांग."

चौथ्या टर्नला मी पेलिपर आत घेऊन बॅस्क्युलीजन आणला. पाचव्याला मनात आलं, पाऊस संपत आलाय, पेलिपर परत आणू या. आर्कालुडॉन आत, पेलिपर बाहेर. पाऊस अजून पडतच होता, म्हणून ड्रिझल लागलं नाही, आणि टर्न संपताना पाऊस थांबला. आता मैदानात पाऊस पाडणारा उभा, पण पाऊस नाही. बॅस्क्युलीजनचा वेग पावसात 260 होता, तो 130 वर आला. समोर भाच्याचा घोल्डेंगो, वेग 136. सहा आकड्यांच्या फरकाने तो आधी खेळला, शॅडो बॉलने बॅस्क्युलीजन गेला, आणि त्याच्यामागून मॅच गेली. चहा मीच पाजला.

करायला काय हवं होतं? पाचव्या टर्नला काहीच नाही. आर्कालुडॉनला हल्ला करू द्यायचं, बॅस्क्युलीजनने प्रोटेक्ट, म्हणजे त्या टर्नचा मार अडवायचा. सहाव्या टर्नला आर्कालुडॉन आत आणि पेलिपर बाहेर. सोर्ड-शिल्ड या गेमपासून वेगाचा हिशेब टर्न चालू असतानाच नव्याने होतो. पेलिपर येताक्षणी पाऊस, आणि त्याच टर्नला बॅस्क्युलीजन पुन्हा 260 चा. घोल्डेंगोला कळायच्या आत वेव्ह क्रॅश बसला असता. हाच नियम उलटा पण चालतो: समोरच्याने मध्येच टॉर्कोल आणला तर तुझा दुप्पट वेग त्याच टर्नला जातो. पाऊस आहे म्हणून मी आधीच खेळणार, असं कधी गृहीत धरू नकोस.

तेव्हापासून मी चौकडीची वही ठेवतो. पाऊस सुरू झाला की पाच चौकोन, प्रत्येक टर्नला एक काट. भाचा हसतो, म्हणतो मामा किराण्याचा हिशेब लिहितोय. हसू दे. रात्री नऊनंतर लॅडरवर, म्हणजे ऑनलाइन क्रमवारीत, आठवी मॅच खेळताना डोकं मोजत नाही, वही मोजते.

आता टॉर्कोलची भीती. दोन्ही बाजूंचे हवामानवाले एकदम आले तर वेगवान असलेल्याची एबिलिटी आधी लागते आणि संथ असलेल्याची नंतर. नंतरची टिकते. म्हणजे या एका लढाईत संथ असणं फायद्याचं. टॉर्कोलचा बेस स्पीड, म्हणजे मूळ वेग, 20, पेलिपरचा 65. पेलिपरला कितीही मंद केलंस तरी 50 व्या लेव्हलला तो 63 च्या खाली जात नाही, आणि टॉर्कोल साधारण 40 वर किंवा त्याखालीच असतो. दोघे एकत्र उतरले तर ऊनच राहणार, त्यात तू काही करू शकत नाहीस. म्हणून टॉर्कोल दिसला तर पेलिपरला लीडमध्ये, म्हणजे पहिल्या दोघांत, उतरवू नकोस, मागे ठेव. माझ्या त्या मॅचचा पहिला टर्न पुन्हा वाच, तिथपर्यंत मी बरोबर खेळलो होतो.

व्हिम्सिकॉटकडेही लक्ष ठेव. प्रँकस्टर या एबिलिटीमुळे ती ऊन आणणारा सनी डे सगळ्यांच्या आधी टाकते, आणि तुझा पेलिपर त्याच टर्नला स्विच होऊन आला असेल तर तिचं ऊन त्याच्या पावसावर बसतं. अशा वेळी पेलिपर आणण्याआधी तिचा बंदोबस्त कर, फेक आउट त्यासाठीच असतो.

वाळूचं वादळ आणणाऱ्या टायरानिटारच्या बाबतीत मात्र तुला काही करता येतं. त्याचा बेस स्पीड 61. वेगावर काही खर्च न केलेला साधा टायरानिटार 81 चा असतो आणि तसाच पेलिपर 85 चा, म्हणून एकत्र उतरले तर वाळू राहते. पेलिपरला क्वाएट मिंट ही वस्तू दे. स्पेशल अटॅक वाढतो, वेग 85 वरून 76 वर येतो, आणि पाऊस टिकतो. त्याची किंमत म्हणजे टेलविंड, आपल्या बाजूचा वेग वाढवणारा मूव्ह, थोडं उशिरा लागतं. मी स्वतः क्वाएटच ठेवतो. बरेच चांगले खेळाडू याच्या विरुद्ध सांगतील, आणि वाळूच्या टीम क्वचितच भेटत असतील तर त्यांचं बरोबर आहे.

बरं, आता टीम. पेलिपर, आर्कालुडॉन, बॅस्क्युलीजन, इन्सिनरोअर, रिलाबूम, अमुंगस. सहापैकी पावसाचे तीनच.

आर्कालुडॉनवर थोडा थांबतो, कारण तुझ्या टीममध्ये तो नसणं हीच मला सगळ्यात मोठी चूक वाटते. त्याचा इलेक्ट्रो शॉट 130 ताकदीचा. एरवी एक टर्न भरावा लागतो, दुसऱ्या टर्नला सुटतो. पावसात लगेच सुटतो, आणि सुटायच्या आधी स्पेशल अटॅक एक पायरी चढतो. म्हणजे दर टर्नला तो मारतोही आणि वाढतोही. तिसऱ्या इलेक्ट्रो शॉटपर्यंत समोर काही उरलं तर ते तुझं नशीब. पण मी त्याला निवडतो ते पाऊस नसतानासाठी. स्टील आणि ड्रॅगन असल्याने ग्रास, वॉटर, इलेक्ट्रिक सगळं तो पचवतो. स्टॅमिनामुळे प्रत्येक माराबरोबर डिफेन्स वाढतो. फ्लॅश कॅनन आणि ड्रॅको मीटिअरला ढग लागत नाहीत. पावसात राजा, उन्हात शिपाई, पण कामाचा. त्याला असॉल्ट व्हेस्ट ही वस्तू दे, फक्त मग प्रोटेक्ट वापरता येत नाही हे लक्षात ठेव. वर मॅच सांगताना त्याला हल्ला करू द्यायचं म्हणालो ते म्हणूनच. त्याची भीती ग्राउंड आणि फायटिंगची.

बॅस्क्युलीजन नर घे. वॉटर आणि घोस्ट, म्हणून फेक आउट त्याला लागतच नाही, हा डबल्समध्ये फार मोठा आराम आहे. वेव्ह क्रॅश, अ‍ॅक्वा जेट, प्रोटेक्ट आणि लास्ट रिस्पेक्ट्स. शेवटच्या मूव्हची ताकद 50 पासून सुरू होते आणि टीममधला एकेक पडला की 50 ने वाढते, आणि तिला पाऊस लागत नाही. किंगड्रा काढताना तुला वाईट वाटेल, मला माहीत आहे. मडी वॉटर दोघांना लागतो, ड्रॅको मीटिअर आहे, दिसायलाही देखणा. पण जिथे पॅराडॉक्स पोकेमॉन, म्हणजे या गेममधली एक खास जात, चालतात तिथे बूस्टर एनर्जी ही वेग वाढवणारी वस्तू घेतलेली फ्लटर मेन 307 पर्यंत जाते आणि पूर्ण वेगाचा, टिमिड स्वभावाचा किंगड्रा पावसात 300 ला थांबतो. सात आकडे कमी पडतात. आणि पावसाबाहेर त्याचा काही उपयोग नाही.

पेलिपरला फोकस सॅश (पूर्ण तब्येतीत असताना एका मारात मरू न देणारी वस्तू) की डॅम्प रॉक, हा वाद आमच्या बाकावर दर रविवारी होतो. मी सॅशच्या बाजूचा. मेलेल्या पेलिपरचे आठ टर्न मला नकोत, जिवंत पेलिपरचे दोनदा पाच-पाच हवेत. फक्त वाळू असेल तर सॅशचा भरवसा नाही. वाळू दर टर्नला एक सोळांश तब्येत खाते, आणि तब्येत पूर्ण नसली की सॅश म्हणजे नुसती चिंधी. मूव्ह म्हणशील तर वेदर बॉल, हरिकेन, टेलविंड, आणि चौथा प्रोटेक्ट किंवा वाइड गार्ड, जो दोघांवर एकदम येणारा मार अडवतो. इरप्शनवाले खूप भेटत असतील तर वाइड गार्ड.

उरलेले तिघे तुझी छत्री. इन्सिनरोअरला आपल्याच पावसात फायर मूव्ह अर्धा लागतो, म्हणून त्याला नॉक ऑफ, फेक आउट, पार्टिंग शॉट यांवर जगायला शिकव. त्याचं खरं काम इंटिमिडेट, म्हणजे येताक्षणी समोरच्यांचा अटॅक कमी करणं. रिलाबूम समोरच्या वॉटर टाइपसाठी. अमुंगस ट्रिक रूमसाठी. ट्रिक रूममध्ये संथ आधी खेळतो, तिथे तुझा दुप्पट वेग म्हणजे दुप्पट उशीर. अमुंगसचा बेस स्पीड 30, तो तिथे आधी स्पोर टाकून झोपवतो. समोर ट्रिक रूमची टीम दिसली तर पेलिपर घरी ठेवून बाकीच्यांतले चार उतरवायला लाजू नकोस. पावसाची टीम आहे म्हणून दर मॅचला पाऊस पाडलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय?

वाळूची टीम करू का, असंही विचारलंस. टायरानिटार आणि सँड रशचा, म्हणजे वाळूत वेग दुप्पट होणारा, एक्सकॅड्रिल ही जोडी जुनी आणि भरवशाची. वाळूत रॉक टाइपचा स्पेशल डिफेन्स दीडपट होतो, त्यामुळे टायरानिटार स्वतःच भिंत होतो. पण वाळू कुठल्याही माराची ताकद वाढवत नाही, पाऊस वॉटर मारांची करतो तशी दीडपट नाही. ती हळूहळू झिजवते, आणि तुझा स्वभाव मला तीन टर्नांत निकाल लावणाऱ्याचा दिसतो. बर्फाचं थोडक्यात: या पिढीत गारपीट गेली आणि बर्फ आला, तो कुणाची तब्येत खात नाही, फक्त आइस टाइपचा डिफेन्स दीडपट करतो. त्यातलं खरं सोनं म्हणजे अलोलन नाइनटेल्सचं ऑरोरा व्हेल, आपल्या बाजूला लागणारा मार कमी करणारा पडदा, जे लावताना बर्फ लागतो पण एकदा लागलं की बर्फ गेला तरी टिकतं. नाइनटेल्सचा बेस स्पीड 109 असल्याने हवामानाच्या झटापटीत ती नेहमी हरते, तरी व्हेल लावून झालं असेल तर तिला फरक पडत नाही. ऊन तुला समोरून पुरेसं बघायला मिळतंय.

सिंगल्स खेळलास तर डॅम्प रॉकच घे आणि पेलिपरला यू-टर्न दे, कारण तिथे पाऊस पाडून दुसऱ्याला सुखरूप आणणं हेच त्याचं काम. तिथे आठ टर्न खरंच वापरले जातात.

सराव शोडाउन या वेबसाइटवर कर, ब्राउझरमध्ये फुकट आहे. आपल्याकडे स्विच हा कन्सोल इम्पोर्टवाल्याकडून नाहीतर दुबईच्या काकांकडून येतो, आणि त्यावर सहा पोकेमॉन वाढवून मग टीम चुकली असं कळणं फार महाग पडतं. टीम शोडाउनवर जमली की मग स्विचवर बांध. आणि एक घरगुती सूचना: विश्वामित्री नदी चढलेली असताना रँक्ड खेळू नकोस. 2024 च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा मी जिंकत आलेल्या मॅचमध्ये होतो, वीज गेली, राउटर गेला, मॅच गेली. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर मगर दिसल्याची आवई उठली. बडोदेकरांना स्विफ्ट स्विम वेगळं शिकवावं लागत नाही.

आता तुझं काम. या सहा जणांवर दहा मॅच खेळ, पण पहिल्या पाचांत पेलिपर लीडला उतरवायचाच नाही असं ठरव. प्रत्येक मॅचला पाऊस कितव्या टर्नला सुरू झाला आणि संपला तेव्हा मैदानात कोण होतं, एवढंच लिही. संपताना पेलिपर मैदानातच उभा होता अशा मॅच किती निघतात ते मला कळव. अमुंगसच्या जागेबद्दल मी अजून साशंक आहे, ती जागा तुझ्या त्या आकड्यावरून ठरवू.